दोन नंबरच्या धंद्यातला दोन नंबरचा माणूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘दोन नंबरचा’ म्हटलं की काळा पैसा आठवतो. इथे दोन्ही अर्थ एकत्र आलेत. दोन नंबरच्या धंद्यात म्होरक्यानंतर ज्याचा नंबर लागतो, त्या माणसाबद्दल हे पान आहे. अमेरिकन माफियात त्याला अंडरबॉस म्हणतात. बरीचशी उदाहरणं न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो टोळीतली घेतली आहेत, कारण या खुर्चीचं जे जे होऊ शकतं ते सगळं त्या एका टोळीत चाळीस वर्षांत होऊन गेलं. जपान आणि मुंबईबद्दलचे प्रश्न शेवटी आहेत.

अंडरबॉस म्हणजे नेमका कोण?

टोळीचा उपप्रमुख. इटालियनमध्ये सोत्तोकापो, म्हणजे मुख्याच्या खालचा मुख्य. त्याला बॉस नेमतो आणि बॉसच काढतो. बॉस तुरुंगात गेला, आजारी पडला किंवा फरार झाला तर गाडा सहसा हाच हाकतो. १९३१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पाच ‘कुटुंबां’ची घडी बसली, तेव्हापासून हे पद त्या घडीत आहे. बाहेरच्या जगाला मात्र ते नीट कळलं १९६३ मध्ये. जो व्हॅलाची नावाच्या साध्या सोल्जरनं त्या वर्षी सिनेटच्या समितीपुढे बसून टोळीची सगळी उतरंड उघड सांगितली.

ती उतरंड कशी असते?

वर बॉस, त्याच्या खाली अंडरबॉस, त्याखाली कॅप्टन आणि प्रत्येक कॅप्टनच्या हाताखाली शपथ घेतलेले सोल्जर. शपथ न घेतलेली पण टोळीसाठी राबणारी माणसं याच्याही बाहेर. मुंबईच्या भाषेत ते पंटर. पैसा खालून वर चढतो आणि हुकूम वरून खाली उतरतो. दोन्ही वाटा अंडरबॉसच्या दारावरून जातात.

सल्लागार आणि अंडरबॉस एकच ना?

नाही. सल्लागाराला कोन्सिलिएरे म्हणतात. तो बॉसच्या बाजूला बसतो, रेषेत नाही. भांडणं मिटवतो, दुसऱ्या टोळीशी बोलणी करतो, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. त्याच्याकडे रीतीप्रमाणे स्वतःची फौज नसते. अंडरबॉसकडे ती असते, बऱ्याचदा बॉसपेक्षा जवळची, कारण कॅप्टन रोज त्यालाच भेटतात. सल्लागार रुसला तर बैठकीत एक खुर्ची रिकामी राहते. अंडरबॉस रुसला तर टोळीत दोन चुली पेटतात.

त्याचं रोजचं काम काय?

वसुलीचा हिशोब बघणं, कोण किती वर पाठवतो आणि कोण चोरतो यावर नजर ठेवणं, दोन कॅप्टनमध्ये इलाक्यावरून जुंपली तर निवाडा करणं, आणि बॉसचा निरोप खाली पोचवणं. हा निरोप पोचवण्याचा भाग ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळं पद त्याच्यासाठीच आहे. बॉसला एखाद्याचा गेम करायचा असेल तर तो शूटरशी बोलत नाही. तो अंडरबॉसशी बोलतो, अंडरबॉस कॅप्टनशी, कॅप्टन पुढे. प्रत्येक पायरीवर बॉसचं नाव जरा पुसट होतं. पोलिसांनी शूटर पकडला तरी त्याला बॉसचा आवाजही ठाऊक नसतो.

याची दुसरी बाजू अशी, की बॉसचा आवाज ज्यानं खरोखर ऐकलाय असा माणूस एकच उरतो. खालच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

बॉस मेला की अंडरबॉस आपोआप बॉस होतो का?

नियम असा नाही. पण हे ज्याला कबूल नव्हतं, अशा अंडरबॉसनी इतिहास घडवलाय.

ज्या टोळीला पुढे गॅम्बिनो नाव पडलं, तिचा १९३१ पासूनचा बॉस व्हिन्सेंट मँगानो. त्याचा अंडरबॉस अल्बर्ट अनास्तासिया, ब्रुकलिनच्या बंदरावर ज्याची दहशत होती. दोघांचं पटत नव्हतं. एप्रिल १९५१ मध्ये मँगानोच्या भावाचं प्रेत सापडलं आणि मँगानो जो गायब झाला तो कुणाला पुन्हा दिसलाच नाही. बॉसच्या खुर्चीवर अनास्तासिया बसला. खून त्याच्यावर कधी सिद्ध झाला नाही. पण त्या गल्ल्यांत ते सिद्ध करायची गरजही कुणाला वाटली नाही.

अनास्तासियाचा अंडरबॉस कार्लो गॅम्बिनो. मृदू बोलणारा, अंग चोरून वागणारा. २५ ऑक्टोबर १९५७ ला मॅनहॅटनमधल्या पार्क शेरेटन हॉटेलच्या सलूनमध्ये अनास्तासिया दाढीला बसला होता. दोन माणसं आत आली आणि खुर्चीतच त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर बॉस झाला गॅम्बिनो. या कटामागे शेजारच्या टोळीचा व्हिटो जेनोव्हेसे होता असं मानलं जातं, आणि गॅम्बिनो त्याला सामील होता असंही. जेनोव्हेसे हासुद्धा एकेकाळचा अंडरबॉस, त्या टोळीचा बॉस लकी लुचियानो याचा. १९३७ मध्ये खुनाच्या आरोपाच्या भीतीनं तो इटलीला पळाला आणि त्याची जागा फ्रँक कॉस्टेलोनं घेतली. ती परत मिळवायला त्याला वीस वर्षं लागली. मे १९५७ मध्ये कॉस्टेलोवर गोळी झाडली गेली, ती डोक्याला चाटून गेली, आणि कॉस्टेलोनं शहाणपणानं निवृत्ती घेतली.

म्हणजे एकाच टोळीत सलग दोनदा अंडरबॉस बॉसच्या जागी बसला, आणि दोन्ही वेळा आधीचा बॉस अंथरुणात मेला नव्हता.

मग ज्याला डावललं जातं तो काय करतो?

इथे अॅनिएलो डेलाक्रोचेची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या मते या सगळ्या मंडळींत सर्वांत समजायला अवघड माणूस हाच.

गॅम्बिनो स्वतः अंडरबॉसवरून बॉस झालेला, त्यामुळे त्या खुर्चीत काय शिजतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ऑक्टोबर १९७६ मध्ये तो गेला, चक्क आपल्या घरी, आजारपणानं. जाण्यापूर्वी त्यानं गादी डेलाक्रोचेला न देता पॉल कॅस्टेलानोला दिली. कॅस्टेलानो त्याचा चुलत घराण्यातला आणि वर सख्खा मेव्हणा. टोळीतली रस्त्यावरची पोरं डेलाक्रोचेला मानत. लिटिल इटलीतल्या मलबेरी स्ट्रीटवरचा रॅवेनाइट क्लब हा त्याचा दरबार. करचुकवेगिरीच्या शिक्षेतून तो त्याच नोव्हेंबरमध्ये सुटून आला. सगळ्यांना वाटलं आता रक्त सांडणार.

काहीच सांडलं नाही. वाटणी झाली. कॅस्टेलानो बॉस, डेलाक्रोचे अंडरबॉस. कॅस्टेलानोनं बांधकाम, काँक्रीट, मांसाचा व्यापार असले कॉलरवाले धंदे बघायचे. डेलाक्रोचेनं सावकारी, जुगार, खंडणी, लुटालूट बघायची, आणि त्याचे कॅप्टन त्याच्याच हाताखाली राहायचे. गावाकडे भाऊबंदकीत थोरल्या पातीनं वाड्याचा पुढचा भाग घ्यावा आणि धाकट्या पातीनं मागचा, तसंच हे. छप्पर एक, चुली दोन. नऊ वर्षं हे टिकलं, आणि टिकलं ते डेलाक्रोचेमुळे. त्याच्या गोटातला जॉन गॉटी कॅस्टेलानोला उघड शिव्या घालायचा. गॉटीची माणसं हेरॉइनच्या प्रकरणात सापडली, त्यांच्या फोनच्या टेप एफबीआयकडे होत्या, आणि अमली पदार्थांना बंदी घातलेल्या कॅस्टेलानोला त्या टेपमध्ये काय आहे हे वाचायचं होतं. डेलाक्रोचेनं एका हातानं गॉटीला दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं कॅस्टेलानोला थोपवलं.

२ डिसेंबर १९८५ ला कर्करोगानं डेलाक्रोचे वारला. कॅस्टेलानो अंत्यदर्शनाला गेला नाही. कोर्टाचे खटले चालू असताना तिथे दिसणं त्याला परवडणारं नव्हतं, पण टोळीनं त्याचा अर्थ वेगळा घेतला. चौदा दिवसांनी, १६ डिसेंबरला, ईस्ट ४६ व्या रस्त्यावरच्या स्पार्क्स स्टेक हाउससमोर कॅस्टेलानो गाडीतून उतरत असताना त्याला ठार मारलं.

त्या वेळी अंडरबॉस कोण होता?

टॉमस बिलोटी. कॅस्टेलानोचा ड्रायव्हर आणि अंगरक्षक. डेलाक्रोचेच्या जागी त्याची निवड झाल्यामुळे रस्त्यावरची माणसं आणखीच भडकली होती. त्याचं पद जेमतेम दोन आठवडे टिकलं. स्पार्क्ससमोर कॅस्टेलानोच्या शेजारीच तोही मेला.

गॉटी बॉस झाला आणि त्यानं फ्रँक डिचिकोला अंडरबॉस केलं. १३ एप्रिल १९८६ ला ब्रुकलिनमध्ये डिचिकोच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. परवानगीशिवाय बॉसला मारल्याबद्दल दुसऱ्या टोळ्यांनी लावलेली ती फिल्डिंग होती आणि खरं लक्ष्य गॉटी होता. गॉटी तिथे आलाच नव्हता. दुसऱ्याच एकाला मारेकरी गॉटी समजला. गेला डिचिको. त्यानंतर जोसेफ आर्मोन, तो तुरुंगात गेला. मग फ्रँक लोकाशिओ, आणि १९९० मध्ये साल्वातोरे ग्रावानो, ज्याला सगळे सॅमी द बुल म्हणत. पाच वर्षांत या खुर्चीवर पाच-सहा जण बसून उठले. विमा एजंटानं या पदाकडे बघूनच फाइल बंद केली असती.

बॉस या जागेवर नातेवाईकच का बसवतात?

नेहमी नाही, पण बऱ्याचदा. फिलाडेल्फियाच्या निकी स्कार्फोचा अंडरबॉस फिल लिओनेटी हा त्याचा भाचा. न्यूयॉर्कच्या बोनॅनो टोळीचा जो मासिनो, त्याचा अंडरबॉस साल व्हिटाले हा बायकोचा भाऊ. हिशोब सरळ आहे: परका उलटेल, घरचा उलटणार नाही. भाच्यानं १९८९ मध्ये सरकारशी हात मिळवला. मेव्हण्यानं २००३ मध्ये. व्हिटालेची तक्रार तर अगदी घरगुती होती. पद त्याला दिलं, पण कॅप्टननी त्याच्याशी बोलायचं नाही असं मासिनोनं सांगून ठेवलं होतं. नावाला दोन नंबर, मान शून्य. २००४ मध्ये मासिनो दोषी ठरला, आणि मग स्वतः मासिनोनंही तोंड उघडलं. न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांपैकी एखाद्याचा अधिकृत बॉस फुटण्याची ती पहिली वेळ.

सरकारी वकिलांना दोन नंबरचा माणूस एवढा का हवा असतो?

वर सांगितलेली पायरी-पायरीची व्यवस्था मोडायला. १९७० साली अमेरिकेत रिको नावाचा कायदा आला. त्याआधी एकेक गुन्हा वेगळा सिद्ध करावा लागे. या कायद्यानं टोळी हीच एक चालती पेढी धरली आणि ती चालवणाऱ्याला खालच्यांच्या गुन्ह्यांत गुंतवता येऊ लागलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कमिशन’ (म्हणजे टोळ्यांच्या बॉसची सामाईक पंचायत) खटल्यात टोळ्यांचे वरचे लोक एकत्र दोषी ठरले. त्यात लुकेसे टोळीचा बॉस, अंडरबॉस आणि सल्लागार असे तिघेही होते. प्रत्येकाला शंभर वर्षं.

तरी गॉटी निसटत होता. १९८६ ते १९९० या काळात तीन खटल्यांतून तो सुटला. त्यातल्या एकात ज्यूरीचा सदस्यच विकत घेतला होता, हे नंतर सिद्ध झालं. वर्तमानपत्रांनी त्याला टेफ्लॉन डॉन म्हणायला सुरुवात केली, काही चिकटतच नाही म्हणून.

एफबीआयनं रॅवेनाइट क्लबच्या वर, एका विधवेच्या घरात छुपा मायक्रोफोन बसवला. गॉटी खास बोलणी करायला तिथे जाई. ११ डिसेंबर १९९० ला गॉटी, लोकाशिओ आणि ग्रावानो, तिघांना क्लबमध्येच अटक झाली. मग कोर्टात टेप वाजवल्या गेल्या. त्यांत एके ठिकाणी गॉटी म्हणतो की आपण तुरुंगात गेलो तर कारभार सॅमी बघेल. दुसऱ्या ठिकाणी तोच गॉटी कुरकुरतो की सॅमी हावरट झालाय, धंद्यातल्या भागीदाराशी त्याचं बिनसलं की तो आपल्याकडे येऊन खुनाची परवानगी मागतो. आरोपीच्या पिंजऱ्यात बसून ग्रावानोनं हे ऐकलं. बॉस खुनांचं ओझं आपल्या डोक्यावर ठेवतोय हे कळायला त्याला वकील लागला नाही.

नोव्हेंबर १९९१ मध्ये ग्रावानोनं सरकारशी करार केला. आपल्याकडे याला माफीचा साक्षीदार म्हणतात. शब्द सौम्य आहे. ग्रावानोनं एकोणीस खुनांतला सहभाग कबूल केला होता. मार्च १९९२ मध्ये त्यानं कोर्टात दिवसच्या दिवस साक्ष दिली: कॅस्टेलानोला मारलं तेव्हा आपण आणि गॉटी समोरच गाडीत बसून बघत होतो, हेसुद्धा. २ एप्रिलला गॉटी दोषी ठरला, जूनमध्ये जन्मठेप झाली, १० जून २००२ ला तो तुरुंगाच्या इस्पितळात मेला. बॉसचं नाव पुसट करायला जो माणूस मधे ठेवला, त्यानंच ते ठळक करून वाचून दाखवलं.

सगळेच दोन नंबरवाले फुटतात का?

अजिबात नाही. जेनोव्हेसे टोळीचा बॉस व्हिन्सेंट गिगांते वेडाचं सोंग घेऊन नाइट गाउनमध्ये रस्त्यावर हिंडत असे. १९९७ मध्ये त्याच्या खटल्यात त्याचा अंडरबॉस व्हेनेरो मँगानो याला तुरुंगातून साक्षीला आणलं. म्हातारा मँगानो तोंड उघडायला तयार झाला नाही, गोळी घाला हवी तर, असा त्याचा आविर्भाव. लोकाशिओही शेवटपर्यंत बोलला नाही आणि तुरुंगातच मेला.

उलट लुकेसेचा अंडरबॉस अँथनी कासो १९९४ मध्ये फुटला खरा, पण सरकारलाही तो झेपला नाही. खोटं बोलणं आणि तुरुंगात गैरवर्तन यांमुळे १९९८ मध्ये त्याला साक्षीदार संरक्षण योजनेतून काढून टाकलं. २०२० मध्ये कैदेत असताना कोविडनं तो गेला.

जपानच्या याकुझात असं पद असतं का?

असतं, आणि ते चोरून ठेवलेलं नसतं. वाकागाशिरा, शब्दशः तरुण म्होरक्या. याकुझात नातं बाप-लेकाचं मानतात, साकेचा प्याला देऊन ते बांधलं जातं, आणि वाकागाशिरा हा सर्व लेकांमध्ये वडीलधारा. यामागुची-गुमी या सर्वांत मोठ्या टोळीत पुढचा वारस साधारण याच जागेवरून बघतात. २८ ऑगस्ट १९९७ ला कोबेमधल्या एका हॉटेलच्या कॉफी लाउंजमध्ये या टोळीचा वाकागाशिरा मासारू ताकुमी याला त्याच टोळीतल्या एका गटाच्या माणसांनी मारलं. शेजारच्या टेबलावरच्या एका दंतवैद्यालाही गोळी लागली आणि तो काही दिवसांनी वारला.

मुंबईत अंडरबॉस होते का?

पद म्हणून नाही. इथे शपथ नव्हती, दर्जे नव्हते, शाखेची बैठक नव्हती. ‘भाईचा खास’, ‘राइट हँड’ एवढंच. नेमणूक कुणी केली नाही, त्यामुळे काढून टाकण्याचीही रीत नव्हती, आणि मला वाटतं मुंबईचं रक्त तिथेच सांडलं.

चेंबूरच्या टिळकनगरचा राजेंद्र निकाळजे, म्हणजे छोटा राजन, सिनेमाची तिकिटं ब्लॅकनं विकण्यापासून सुरू झाला. ऐंशीच्या दशकात दाऊद इब्राहिम दुबईला गेला आणि मुंबईतल्या माणसांची सूत्रं बरीचशी राजनच्या हाती आली. तो दुबईला पोचला तेव्हा छोटा शकीलही वर चढत होता. दोन उजवे हात एका देहाला कसे असणार? १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर राजन उघड वेगळा झाला. सप्टेंबर २००० मध्ये बँकॉकमध्ये शकीलच्या माणसांनी त्याला गाठलं. तिथे राजनचा स्वतःचा खास माणूस रोहित वर्मा मेला आणि राजन जखमी होऊन वाचला, पुढे इस्पितळातून पसार झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो बालीत पकडला गेला आणि पत्रकार जे. डे खून प्रकरणात मे २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. शकीलच्या नावावर अमेरिकेच्या अर्थखात्यानं २०१२ मध्ये निर्बंध घातले. तिकडच्या कागदांत तो दाऊदचा उजवा हात म्हणूनच नोंदला गेलाय.

नावातलं ‘छोटा’ म्हणजे दोन नंबर का?

नाही. राजन छोटा झाला कारण त्याच टिळकनगरात आधी एक बडा राजन होता, राजन नायर. १९८३ मध्ये कोर्टाबाहेर त्याचा खून झाला. मोठा गेला तरी धाकट्याच्या नावामागचं छोटा काही सुटलं नाही.

मोक्का लागला तर दोन नंबरच्या माणसाला वेगळी शिक्षा असते का?

१९९९ चा मोक्का पद बघत नाही. टोळी म्हणजे दोन किंवा अधिक माणसं, एवढं पुरतं. गुन्ह्यात कुणी मेलं असेल तर फाशी किंवा जन्मठेप. कट करणं, मदत करणं, नुसतं टोळीचं सदस्य असणं, यालाही पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान पाच लाख दंड. धार आहे ती कलम १८ ला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जो एरवी चालत नाही. न्यूयॉर्कला ज्यासाठी ग्रावानो लागला ते काम मोक्का कागदावरच साधू बघतो. यावर आक्षेप घेणारे वकील पुष्कळ आहेत आणि ते अगदीच चुकीचे नाहीत.

ग्रावानोचं पुढे काय झालं?

एकोणीस खुनांच्या कबुलीनंतर पाच वर्षं. सुटल्यावर तो अॅरिझोनाला गेला आणि पोहण्याचे तलाव बांधून द्यायचा धंदा काढला. २००० मध्ये एक्स्टसी या नशेच्या गोळ्यांच्या व्यापारात घरच्या माणसांसह पकडला गेला. या वेळी द्यायला कुणी बॉस उरला नव्हता, त्यामुळे शिक्षा लांबलचक झाली. २०१७ मध्ये सुटला. आता त्याचा पॉडकास्ट आहे आणि यूट्यूबवर चॅनेलही. कॅस्टेलानोच्या खुनाची हकीकत तो तिथे कॅमेऱ्याकडे बघत, अगदी सावकाश सांगतो, आणि मधे जाहिरात लागते.